कळल्या दिवसापासून सुतक

बिरू विहिरीच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर बसला होता, पाय पाण्यात. तुम्ही त्याच्या दोन पायऱ्या वर उभे होता आणि मी तुमच्या मागं. पायऱ्या इतक्या अरुंद, की तुम्हाला बाजूला सारल्याशिवाय मला पुढं होता येत नव्हतं. वरून त्याचं गोटा केलेलं डोकं दिसत होतं, त्यावर नुकती काळी खुंटं उगवलेली. तुम्ही वर्गात बोलता त्याच आवाजात म्हणालात, "बिरू, वर चल. आपण बोलू."

त्यानं मान वळवली नाही. पाण्याकडं बघतच म्हणाला, "केसं काढली त्या दिशी मी हसत हुतो, मास्तर. तुमी बघत हुता."

मास्तर, मी तुमच्याशी पुष्कळ भांडले. तुमच्याकडं उत्तर नाही असं कधी झालं नव्हतं. त्या दिवशी झालं. मग मागून मी बोलले, कारण कुणीतरी बोलायला पाहिजे होतं. "बिरू, तुझी आई गेली. आमी समद्यांनी तुझ्यापासनं लपिवलं. मी बी."

तो हलला. उठला की नुसता पुढं सरकला, मला दिसलं नाही. तुम्ही घाईनं खाली उतरलात, वाकलात, हात पुढं केलात. मला तुमची पाठ दिसली, धोतराचा सोगा दिसला. नंतर पायरीवर कुणीच नव्हतं.

तुम्हाला पोहता येत नव्हतं. माण तालुक्यातला माणूस, पोहणार कशात? बिरू जतच्या बाजूचा, त्याची तीच गत. मी सांगलीची, कृष्णेच्या घाटावर वाढलेली, पण लग्न झाल्यापासून पाण्यात उतरले नव्हते आणि आता पन्नाशी उलटली होती. लुगड्याला कासोटा होता हे बरं. मी तशीच उडी टाकली.

तुम्हाला जाऊन अजून महिना झाला नाही. शाळेतली मंडळी म्हणाली, आक्का, तुम्हीही चार ओळी लिहा. तुमचा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, बोर्डिंग कसं उभं केलंत, ते बाकीचे लिहितील. त्यांना लिहिता येतं. मी मराठी चौथी. तुमच्याशी जे बोलायचं राहिलं तेवढंच मी लिहिणार, आणि तुम्ही समोर बसला आहात असं धरून लिहिणार. मध्ये तोंड घालू नका.

आपलं बोर्डिंग साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याला. जर्मन-जपानच्या लढाईची वर्षं होती. दुष्काळी मुलखातली पोरं शिकायला यायची. त्यांच्या घरात शाळेचं तोंड पाहिलेलं कुणी नसायचं. तुम्ही चालक, तुम्हीच मास्तर, आणि आजारी पोराच्या उशाशी बसणारेही तुम्हीच. मी स्वयंपाकीण. नवी पोरं आली की पहिल्या महिन्यात दोनचार तरी पळून जायची. एकजण कोरेगावच्या पुढं रस्त्यानं चालताना सापडला, तापानं फणफणलेला. जी पळायची नाहीत त्यांतली काही अंथरूण ओलं करायची, काही दिवस-दिवस तोंडातून शब्द काढायची नाहीत. गावातली माणसं म्हणायची, बाहेरचं लागलंय, अंगारा लावा. तुम्ही म्हणायचात, काही लागलेलं नाही, यांना घर पाहिजे. मी म्हणायचे, घर पाहिजे तर घरी पाठवा.

घरी पाठवलं नाहीत. तुम्ही वार लावलेत.

गरीब विद्यार्थ्यानं आठवड्याच्या सात वारी सात घरी जेवायचं, ही भटाब्राह्मणांतली जुनी रीत. तुम्ही ती उचललीत आणि उलटी केलीत. जेवायला तर बोर्डिंगात भाकरी होती. लांबून आलेल्या प्रत्येक पोरानं रोज संध्याकाळी तासभर गावातल्या एकेका घरी जायचं, ओट्यावर नाही, आत बसायचं, असेल ते खायचं. घरच्या बाईनं त्याला कामाला लावलं तरी चालेल. रडला तर गप्प कर म्हणायचं नाही. यासाठी तुम्ही दारोदार हिंडलात. कुणी जात विचारली. कुणी म्हणालं, आमचीच पोरं आम्हाला जड झाली आहेत. तुम्ही दुसऱ्या दिवशी त्याच दारात पुन्हा उभे. शेवटी पेन्शनर सुभेदाराची बायको कंटाळून म्हणाली, "द्या बाबा एक कार्टं, पर दारात उभं ऱ्हायचं बंद करा." तिनं घेतल्यावर बाकीच्यांना नाही म्हणता येईना.

पोरं टिकायला लागली. हे मी तेव्हा कबूल केलं नाही, आता करते.

बिरू त्यांतलाच. मेंढरांच्या मागं वाढलेला. आला तेव्हा छपराखाली त्याला झोप यायची नाही, अंगणात घोंगडं टाकून पडायचा. सोमवारी तो सुभेदारीणबाईकडं जायचा, बाकीचे दिवस इतर सहा घरी. अभ्यासात तल्लख निघाला. सातवीला पोचला, फायनलला बसणार होता. फायनल झाली की मास्तरकी मिळते, हे त्याच्या वाडीत सगळ्यांना पाठ होतं. त्याच्या वाडीतून फायनलला बसणारा तो पहिलाच.

फायनल महिन्यावर आली आणि त्याचा चुलता आला. मिरजेहून रेल्वेनं सातारा रोडला उतरून तिथून पायी. बिरू शाळेत होता. चुलता स्वयंपाकघराच्या दारात टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, बिरूची आई गेली. मेंढरं चारायला कर्नाटकात उतरले होते, तिथं ताप आला, तिथंच संपली. अग्नी बापानं दिला. मी तुम्हाला हाक मारली. तुम्ही आलात तेव्हा त्यानं तुमचे दोन्ही हात धरले.

"पोराला आत्ताच सांगू नगा, मास्तर. परीक्षा तोंडावर हाय. त्याची आई मरताना बी ह्येच म्हनली."

म्हणाली की नाही देव जाणे. मेलेल्या माणसाच्या तोंडी जिवंत माणसं पुष्कळ घालतात. चुलता पोराला न भेटताच परत गेला.

तुम्ही दुपारी सातही घरची माणसं बोर्डिंगच्या पडवीत बोलावलीत. सगळ्यांचं मत एकच पडलं, की सांगायचं नाही. सुभेदारीण म्हणाली, पलटणीतसुद्धा हीच रीत आहे, लढाईच्या तोंडावर शिपायाला घरची वाईट खबर देत नाहीत. मी म्हणाले, "पलटनीत मानूस मरायला नेत्यात, बाई. हितं पोरगं जगायला आनलंय." कुणी हसलं नाही. तुम्ही म्हणालात, आक्का, एका महिन्याचा तर प्रश्न आहे. मी म्हणाले, सुतक महिनाभर थांबत नसतं, थोरला मुलगा आहे तो. तुम्ही माझ्याकडून गप्प राहण्याचा शब्द मागितलात. दिला. दिलेला शब्द मी मोडत नाही हे तुम्हाला ठाऊक होतं, म्हणून तर मागितलात.

पण माझं बोलणं तुम्हाला टोचत राहिलं असणार. तुम्ही सुधारक, कधी पळीपंचपात्र हातात धरलं नाहीत, तरी आईचा दहावा येणार आणि थोरल्या मुलाच्या डोक्यावर केस, हे तुम्हालाही सोसवेना. सांगायचंही नाही आणि चुकवायचंही नाही. मग तुम्ही ती युक्ती काढलीत. माणूस फार शिकला की त्याला अशाच युक्त्या सुचतात.

दहाव्याच्या दिवशी सकाळी कोंडिबा न्हावी धोकटी घेऊन आला. तुम्ही पोरांना सांगितलंत, उवा झाल्या आहेत, परीक्षेच्या आधी सगळ्यांचे गोटे. सगळी पोरं अंगणात रांगेनं बसली. एकाचं झालं की बाकीची त्याच्या डोक्यावर टपल्या मारायची. कुणी कुणाला भोपळा म्हणायचं, कुणी पपनस. बिरू सगळ्यांच्या पुढं. त्याच्याच मुलखातला सिदू म्हणून एक पोरगा होता, त्याला मांडीवर दाबून त्याच्या बोडक्या डोक्यावर बिरूनं धनगरी ढोल वाजवला आणि त्या ठेक्यावर स्वतः नाचला. आख्खं बोर्डिंग हसत होतं. कोंडिबा खाली मान घालून वस्तरा चालवत होता, त्याला तुम्ही खरं काय ते सांगितलं होतं. तुम्ही पडवीच्या खांबाला टेकून बघत होता. मी चुलीपुढं बसून तुम्हाला बघत होते.

बिरूचे केस तेवढे तुम्ही वेगळे गोळा केलेत, उपरण्याच्या टोकात बांधलेत आणि चालत माहुलीला गेलात. तिथं संगमावर सोडलेत. परत आलात तेव्हा पायांवर धूळ होती आणि चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान.

"झालं, आक्का. त्याच्या हातून झालं असंच समजायचं."

"कुनी समजायचं?" मी विचारलं. तुम्ही आत निघून गेलात.

पुढं जे झालं ते सात घरांच्या चांगुलपणानं झालं. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. प्रत्येक बाईला वाटलं, आई नसलेलं पोर आहे, त्याला ठाऊकही नाही, निदान गोड तरी खाऊ घालावं. साखर रेशनवर. तरी सोमवारी शिरा, मंगळवारी शेवयांची खीर, बुधवारी तुपात भिजलेली पोळी. जी बाई त्याला दळणाला बसवायची तिनं त्याला जात्याला हात लावू देणं बंद केलं. बिरू एकदा स्वयंपाकघरात आला आणि माझ्या शेजारी उकिडवा बसला.

"मावशी, माझं काय चुकलंय का?"

"का रं?"

"समदी लय वाढत्यात. सुभेदारीनकाकू तर डोक्यावरनं हात फिरीवती. ती कवा कुनाला हात लावती?"

मी म्हणाले, "गप खा." तो गप्प झाला, पण खाल्लं नाही.

नंतर, खूप नंतर, त्यानं मला सांगितलं. घरचं कुणीतरी गेलंय हे त्याला त्या खिरीवरूनच कळलं होतं. कोण, तेवढंच कळत नव्हतं. मग रात्री अंथरुणात पडून तो रोज एकेकाला मारून बघायचा. आज बाप. उद्या आजी. परवा धाकटी बहीण. आईवर तो येतच नव्हता. आई त्यानं शेवटाला ठेवली होती.

हे आपल्या नाकासमोर चाललं होतं, मास्तर, आणि आपल्या कुणाला दिसलं नाही. त्यानं सातही घरी जाणं सोडलं. सोमवारच्या घराला वाटलं, अभ्यास असेल, उद्याच्या घरी जाईल. मंगळवारच्या घराला वाटलं, काल पोटभर झालं असेल. मी ताट वाढलं तर म्हणायचा, खाऊन आलोय, आणि मी ताट उचलायचे, कारण सात घरी त्याला खाऊ घालतात हे मला ठाऊक होतं. सात दारं उघडी होती, आणि तो कुठल्याच दारात नव्हता.

मधल्या काळात सिदू बहिणीच्या लग्नाला गावी जाऊन आला. आल्या आल्या त्यानं बिरूला अंगणात गाठलं. मी भांडी घासत होते, मला ऐकू आलं. सिदूच्या आवाजात खोड काढणं नव्हतं, नुसता नवल वाटल्याचा आवाज होता.

"तू माझ्या डोस्क्यावर ढोल वाजीवलास ना, त्या दिशी तुझ्या आयचा दहावा हुता म्हनं. तुला ठावं हुतं?"

मी हात धुऊन बाहेर येईपर्यंत बिरू अंगणात नव्हता. सिदू तिथंच उभा, तोंड पांढरं पडलेलं. त्याचा दोष नव्हता, हे मी तेव्हाही म्हणाले. सगळ्या गावात खरं बोलणारं ते एकच पोर निघालं.

मी तुम्हाला वर्गातून उठवून आणलं. तुम्ही म्हणालात, आज गुरुवार, गुरुवारच्या घरी बघा. तिथं नव्हता. सुभेदारणीकडं नव्हता. प्रत्येक दारात बाई म्हणायची, आमच्याकडं नाही, शेजारी विचारा. शेवटी सिदूच रडत पळत आला आणि म्हणाला, बोर्डिंगमागच्या विहिरीकडं जाताना कुणीतरी पाहिलाय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, आणि ठाऊक नाही. पाण्यात मी डोळे उघडले तेव्हा तुम्ही दोघं एकमेकांना गच्च धरून खाली चालला होता. कुणी कुणाला धरलंय ते कळत नव्हतं. बुडणाऱ्याला केसाला धरून काढतात, हे आम्ही घाटावर लहानपणी शिकलो. बिरूच्या डोक्याला धरायला केस नव्हते. मी तुमचे धरले. तुमच्या मिठीत तो होता, किंवा त्याच्या मिठीत तुम्ही, म्हणून दोघं वर आलात. पायरीला माझा हात लागला तेव्हा नखं मोडली. वर कोंडिबा आणि दोन गडी पळत आले होते, त्यांनी ओढून घेतलं.

बिरूनं पाणी ओकलं आणि मग आईला हाक मारली. त्यांच्या बाजूला आईला अव्वा म्हणतात. साताऱ्यात आल्यापासून तो शब्द त्याच्या तोंडून मी ऐकला नव्हता. तुम्ही खोकत खोकत त्याच्या शेजारी बसलात आणि ओल्या अंगानं त्याला सगळं सांगितलंत. कुठं गेली, कशानं गेली, अग्नी कुणी दिला. मग केसांचं सांगितलंत, माहुलीचंही. काहीच वगळलं नाहीत. त्यानं तुम्हाला मारलं. बुक्क्यांनी, छातीवर, तोंडावर. कोंडिबा मध्ये पडायला निघाला, तुम्ही हातानंच त्याला थांबवलंत. तुमच्यावर माझा राग होता, पण त्या वेळी तुम्ही हललाही नाहीत, ते मी विसरले नाही.

दुसऱ्या दिवशी गावातले भटजी म्हणाले, आता मुदत टळली, आंघोळ केली की पुरे. मी म्हणाले, आईबापाचं सुतक कळल्या दिवसापासून धरतात, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. न कळता काढलेले केस म्हणजे नुसती हजामत. तुम्ही माझ्याकडं बघितलंत. वाद घालाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "मग कालपासून धरून दहा दिवस. आणि तो एकटा धरणार नाही."

मी फोडणी बंद केली. सुतकात घरात फोडणी नसते, तळण नसतं, गोड नसतं. आख्ख्या बोर्डिंगानं दहा दिवस उकडलेली आमटी खाल्ली. धाकटी पोरं कुरकुरली, त्यांना सिदूनं बघून घेतलं. बिरू जमिनीवर झोपायचा, तुम्ही त्याच्या शेजारी जमिनीवर. सुभेदारीण पहिल्या दिवशी म्हणाली, "माझी कोन लागती ती? ना जातीची, ना पातीची, तोंड सुदीक बघितलं न्हाई." दुसऱ्या दिवशी तिच्याच घरून बिनफोडणीची भाजी आली, आणि मागोमाग ती स्वतः. सातही घरांतल्या बायका पाळीपाळीनं येऊन बिरूजवळ बसायच्या. तुम्ही एवढंच बजावलं होतं, की त्याची समजूत काढायची नाही. तो बोलला तर बोलायचं, नाहीतर तांदूळ निवडायचे, वाती वळायच्या. गप्प बसणं त्या बायकांना किती जड गेलं ते मला विचारा. पाचव्या-सहाव्या दिवशी तो आपण होऊन बोलायला लागला. आई कशी होती, काय म्हणायची. अंधारात नुसत्या खोकण्यावरून कुठलं मेंढरू ते ओळखायची. सुभेदारीण ऐकत होती, आणि ऐकता ऐकता तिला स्वतःची आई आठवली, मग बिरूच तिला पाणी घेऊन आला.

दहाव्या दिवशी माहुलीला गेलो. कोंडिबानं त्याच्या डोक्यावरची खुंटं पाणी लावून पुन्हा काढली. कुणी हसलं नाही. बिरूनं स्वतःच्या हातानं ती पाण्यात सोडली, इतकी बारीक, की सोडली ते दिसलंही नाही.

त्या वर्षी तो फायनलला बसला नाही. चुलता पुन्हा आला, या वेळी पाणीसुद्धा प्यायला नाही. "पोराचं वरीस घालीवलं तुमी," तो म्हणाला. तुम्ही आयुष्यभर शुद्ध बोलायचात, पोरांचं बोलणं सुधारायचात. त्या दिवशी मात्र तुमच्या तोंडून माणदेश बाहेर आला.

"वरीस गेलं, गड्या. पोर हाय."

त्यानंतर तुम्ही सात घरांची रीत मोडलीत. एका पोराला एकच घर, आणि त्या घरच्या बाईनं पोर आलं नाही तर त्याच दिवशी आपल्याकडं यायचं. घरची वाईट खबर आली तर पोराला त्याच दिवशी सांगायची, ताट वाढायच्या आधी. सांगताना त्या घरची बाई पाहिजे आणि तुम्ही पाहिजे. परीक्षा असो, काही असो. लढाई चालूच होती आणि फौजेतल्या घरची पोरं आपल्याकडं होती. तारा यायच्या. सुभेदारणीच्या वाट्याच्या पोराचा भाऊ ब्रह्मदेशात मारला गेला, ते तिनं त्याला स्वतः सांगितलं. पोर तिच्या हाताला कडकडून चावलं. तिनं हात काढून घेतला नाही. पलटणीची रीत ती त्यानंतर कधी बोलली नाही.

तुम्ही हे सांगायला सांगलीच्या एका बोर्डिंगातही गेला होता. ते म्हणाले, आमच्या पोरांना असलं काही होत नाही. परत आल्यावर तुम्ही मला म्हणालात, आक्का, तुमच्या सांगलीत पोरं नाहीत, सगळे दगड भरती केलेत. मी म्हणाले, दगड बुडतात तेव्हा आवाज तरी होतो. तुमच्या त्या बोलण्यावर मी चिडायला पाहिजे होतं, पण तुम्ही त्या दिवशी फार थकलेले दिसत होता.

आता आपलं भांडण. तुम्ही बोर्डिंगच्या कमिटीला, चुलत्याला, सगळ्यांना एकच सांगितलंत, की पोराचा पाय घसरला. मी म्हणायचे, घसरला नाही, त्यानं स्वतःला सोडून दिलं. तुम्ही म्हणायचात, मी पुढं होतो, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मी म्हणायचे, तुम्ही मास्तर आहात, पोरगं चुकलं तर तुम्हाला आधी त्याची सुटका दिसते. वर्षानुवर्षं आपण यावर भांडलो, तांदूळ निवडताना, हिशेब बघताना, आणि दर वेळी तुम्ही चिडून उठून गेलात. पण एक सांगा. पाय घसरला असं तुम्हाला खरंच वाटत होतं, तर पुढं वर्षभर त्याचं अंथरूण तुमच्या खोलीत का होतं? त्याला अंगणात जायचं असलं तरी तुम्ही जागे का व्हायचात? हे मी तुम्हाला विचारणार होते. दर वेळी वाटायचं, पुढच्या भांडणात विचारू.

तुम्ही गेलात त्या दिवशी कमिटीची माणसं जमली. बिरू आता जतजवळ एका गावात मास्तर आहे. पुढच्या वर्षी फायनल दिली, चांगल्या मार्कांनी. त्याला कसं कळवायचं ते चाललं होतं. कुणीतरी म्हणालं, त्याच्या शाळेत डिप्टीसाहेब तपासणीला यायचे आहेत, नोकरी अजून कायम झालेली नाही, तपासणी होऊन जाऊ दे, मग कळवू. मी ऐकून घेतलं, घरी आले, गाठोडं बांधलं आणि निघाले. सातारा रोडला गाडी, मिरज, तिथून पुढं सर्व्हिस मोटार. सुभेदारीण बरोबर यायला पाहिजे होती, पण तिचे गुडघे गेलेत. गाडीला लागला तेवढाच उशीर झाला, मास्तर. मी वाटेत कुठं थांबले नाही.

शाळा भरली होती. मला दारात बघून तो हसला, पाणी आणायला वळला. मी म्हणाले, पाणी मागनं. मास्तर गेले. तो उंबऱ्यावर बसला. वर्गातली पोरं बघत होती. त्यानं त्यांना सांगितलं, "माझे मास्तर गेले. आज शाळा न्हाई. घरी जावा, आन् घरी सांगा का सुट्टी दिली ती." पोरं उठली, त्यातलं एक त्याच्या गुडघ्याला हात लावून गेलं.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी काही विचारलं नव्हतं. तो आपण होऊन बोलला.

"मास्तर समद्यांना सांगायचं, माझा पाय घसरला. माझा न्हाई घसरला, मावशी. मी उठलो हुतो. पुढं काय करनार हुतो, मला बी ठावं न्हाई. पर त्यांचा पाय शेवाळावरनं गेला. पडता पडता त्यांनी हात मारला, त्यो मी धरला. मग सोडला न्हाई."

म्हणजे तुमचंही चूक आणि माझंही चूक. की त्याला आता तुम्हाला असंच आठवायचं आहे? की खरंच तुमचाच पाय घसरला आणि मास्तरानं पडावं याची तुम्हाला लाज वाटली? तसं नसेल, तर पोरानं तुम्हाला वाचवायला हात धरला याचं ओझं त्याच्यावर नको, म्हणून तुम्ही ते स्वतःशी ठेवलंत. लाजेनं लपवणं आणि त्याच्यासाठी लपवणं, तुम्ही दोन्ही करणारे होता. मी त्याला उलटून विचारलं नाही. त्यानं पाणी आणलं, मी प्याले.

तुम्ही गेलात ते छातीच्या दुखण्यानं, साताऱ्यात, आपल्या अंथरुणावर. त्या विहिरीतून आपण तिघंही जिवंत वर आलो.